मामाची साखर

८ जानेवारी

प्रयोगशाळेच्या वहीत जे केलं तेवढंच लिहायचं असतं, जे वाटलं ते नाही. वाटण्याची सोय इथे. रोज लिहीन असं मात्र नाही.

आज नवं काम अंगावर आलं. रुग्णालयाच्या मधुमेह विभागात चाळिशीच्या आसपास मधुमेह झालेले बरेच लोक येतात. सगळ्यांना सुरुवातीला गोळ्याच देतात. यातल्या बहुतेकांच्या शरीरात इन्सुलिन बनतं, पण ते नीट लागू पडत नाही. थोड्यांच्या बाबतीत ते बनणंच हळूहळू बंद पडतं, कारण शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उठलेली असते. त्यांना गोळ्या पुरत नाहीत, इन्सुलिनच टोचावं लागतं. पहिली काही वर्षं हे दोन्ही गट सारखेच दिसतात.

आत किती इन्सुलिन उरलंय हे रक्तात मोजता येतं. शरीर ते बनवताना सी-पेप्टाइड नावाचा एक तुकडा सुटतो, तो मोजायचा. पण एकदा मोजून भागत नाही, पुन्हा पुन्हा मोजावं लागतं, आणि तेवढे हात विभागाकडे नाहीत. मग आधी कोणाला बोलवायचं? त्यासाठी जनुकांवरून धोक्याचा गुणांक काढायचा. जनुकं जन्मभर बदलत नाहीत, एकदा वाचली की झालं. गुणांक जास्त असेल त्यांना लगेच बोलवायचं, कमी असेल त्यांना वर्षभराने.

गुणांक मी काढायचा.

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "तुझा आकडा म्हणजे भविष्य नाही हं. रांगेतला नंबर आहे फक्त."

मी "हो" म्हटलं. विशेष उत्साह दाखवला नाही. दुपारचा डबा खायचा राहिला हे घरी येऊन पिशवी उघडल्यावर कळलं.

१२ जानेवारी

घरची परिस्थिती नोंदवून ठेवते.

नोकरी लागल्यापासून मी मामा-मामीकडे राहते. मामा पोहण्याच्या तलावावर शिकवतो. पोरं त्याला 'बदक सर' म्हणतात, तो ओ देतो. सकाळी तलावावर निघताना माझ्या दाराशी शिट्टी फुंकतो, दोनदा. मला गजर लावावा लागत नाही. मामी शाळेत गणित शिकवते आणि घरीही तिचा आवाज फळ्यासमोरचाच असतो.

मामाला तीन वर्षांपूर्वी मधुमेह निघाला. त्याच दिवशी मामीने सगळ्या नातेवाइकांसमोर जाहीर केलं, "हे गोड खाणार नाहीत, तर मीही खाणार नाही." आमच्याकडे अजून याचं उदाहरण देतात. आई तर फोनवर दर महिन्याला देते.

आज मामाची साखर पुन्हा वाढलेली निघाली.

"अहो, खरं सांगा. काय खाल्लंत?"

"तू दिलेला डबा खाल्ला. आणि थोडं तलावाचं पाणी, तेही नाकातून."

"मशीन खोटं बोलतं का मग?"

"मशीनला विचार. माझं कोण ऐकतंय?"

साखर आणि पाहुण्यांसाठीची बिस्किटं स्वयंपाकघरातल्या कपाटात कुलपात असतात. चावी मामीच्या पर्समध्ये. तरीही रविवारी आणलेला पुडा आज अर्धा झालेला आहे. पाहुणे आले नाहीत. मी खाल्लेली नाहीत. मामाकडे दुसरी चावी असावी असा माझा अंदाज आहे.

जेवणानंतर मामी नेहमीसारखी आतल्या खोलीत बटणं लावायला बसली. शिवणयंत्राच्या खणातला डबा बराच वेळ वाजत होता. इतक्या नेमाने बटणं लावणारी दुसरी व्यक्ती मला माहीत नाही.

१९ जानेवारी

मामा आमच्या अभ्यासात सामील झाला. मॅडमनीच त्याला विचारलं होतं, तोही त्याच विभागाचा रुग्ण. नियमाप्रमाणे त्याच्या नमुन्याला मी हात लावायचा नाही आणि त्याचा संकेत क्रमांकही मला कळता कामा नये. मी तसं स्वतःहून मॅडमना सांगितलं.

जनुकांसाठी लाळ लागते. नळीवरच्या रेघेपर्यंत ती भरेपर्यंत थुंकत बसावं लागतं. मामा खुर्चीवर बसून थुंकता थुंकता रांगेतल्या लोकांना म्हणाला, "जन्म गेला पोरांवर ओरडण्यात, तलावात थुंकू नका, तलावात थुंकू नका. आणि आता बघा, माझं कौतुक होतंय." रांग हसली. रांगेला असं हसताना मी या विभागात प्रथम पाहिलं.

बाहेर व्हरांड्यात त्याने मला हळूच विचारलं, "भाचे, यात कळेल ना मी चोर आहे की नाही ते?"

"यात तसं काही कळत नाही. यात फक्त शक्यता कळते."

"चालेल. तुझी मामी नववीला शक्यताच शिकवते. तिला पटेल."

३ फेब्रुवारी

प्रोग्राम पूर्ण झाला.

प्रसिद्ध झालेल्या एका यादीवरून तो केला आहे. यादीत जनुकांमधल्या साठेक जागा आहेत. प्रत्येक जागी धोक्याचं अक्षर कोणतं आणि त्याचं वजन किती ते दिलेलं आहे. अक्षरं मोजायची, वजनाने गुणायची, बेरीज करायची. एकच भानगड आहे. डीएनएच्या समोरासमोर दोन पट्ट्या असतात. एकीवर ए असेल तर दुसरीवर त्याच्यासमोर टी. त्यामुळे काही जागी आपल्या यंत्राने ए वाचला, तर तो यादीतला ए आहे की समोरच्या पट्टीवरून उलटा दिसणारा टी, हे नुसतं अक्षर बघून कळत नाही. तिथे यादीतली दुसरी माहिती उपयोगी पडते: लोकांमध्ये ते अक्षर विरळ की सर्रास. यादीत विरळ असलेलं अक्षर आपल्याकडे सर्रास निघालं, तर पट्टी उलटी वाचली गेली असं धरायचं आणि अक्षर फिरवायचं. हे काम मी प्रोग्रामवरच सोपवलं. नीटनेटकं झालं.

ज्यांना लहानपणापासून इन्सुलिन लागतं अशा लोकांवर तपासून पाहिलं. त्यांची सरासरी इतरांपेक्षा स्वच्छ वर आली. मॅडम म्हणाल्या, "छान." त्या हा शब्द सहसा वापरत नाहीत.

जिन्यात कोणी नव्हतं. दोन दोन पायऱ्या उतरले.

१६ फेब्रुवारी

पहिल्या तुकडीला निकाल सांगितले. मामाचा गुणांक कमी आला. पुढची सी-पेप्टाइड तपासणी वर्षभराने. तोपर्यंत गोळ्या वाढवायच्या आणि पथ्य कडक करायचं.

संध्याकाळी मामीने फळ्यासमोरच्या आवाजात निकालाचा अर्थ लावला. "म्हणजे इन्सुलिन आत बनतंय व्यवस्थित. वरून भर कोण घालतंय, तेवढाच प्रश्न."

"अगं, मी काही खात नाही."

"अहो, आता तर तुमची लाळही तुमच्याविरुद्ध बोलली!"

मामा हसला. मग माझ्याकडे वळला. "काय भाचे? तुलाही तसंच वाटतं?"

मी म्हटलं, "वाटण्याचा प्रश्न नाही. आकडा कमी आहे."

"बरं," तो म्हणाला. "आकड्यापुढे बदकाचं काय चालणार!"

माझं विधान अचूक होतं.

१७ फेब्रुवारी

सकाळी शिट्टी वाजली नाही. कामावर उशीर झाला. गजर लावायला हवा.

२० फेब्रुवारी

शिट्टी नाही. गजराचा आवाज कर्कश आहे.

मामाचा निळा शर्ट वाळत घातला. तिसरं बटण दोऱ्याला लोंबत होतं. मामी रोज बसते, पण शर्टांचा क्रम ती कसा ठरवते ते समजत नाही.

२ मार्च

सुट्टी होती म्हणून मामाचा डबा द्यायला तलावावर गेले. मामा काठावर उभा राहून पोरांना उताणं पोहायला शिकवत होता. "पाय हलवा! छताकडे बघा! भिंत जवळ आली की हात मागे!" असं ओरडत त्याने दोन्ही हात वर केले आणि त्याची पोहण्याची चड्डी घसरली.

"बदक सर, चड्डी!" पोरं किंचाळली.

मामाने इज्जत वाचवायला सरळ पाण्यात उडी मारली. पोरं टाळ्या वाजवत होती. मीही हसले, हे नोंदवायला हरकत नाही.

तो बाहेर आला तेव्हा चड्डीच्या नाडीला तीन गाठी मारलेल्या दिसल्या. खांद्याची हाडं वर आली होती. त्याला काठावरच्या वजनकाट्यावर उभं केलं. मागच्या उन्हाळ्यापेक्षा आठ किलो कमी.

"तहान लागते का?"

"तलावच पिऊन टाकावासा वाटतो. पोरं बुडायची नाहीत मग, तेवढाच फायदा."

चोरून गोड खाणारा माणूस इतका वाळत नाही. गुणांक म्हणतो, इन्सुलिन आहे. काटा म्हणतो, नाही. दोन्ही एकत्र बसत नाहीत, आणि त्यातला काटा मी बनवलेला नाही.

४ मार्च

सरासरी बाजूला ठेवली. लहानपणापासून इन्सुलिन घेणाऱ्यांना एकेक करून पाहिलं. बहुतेकांचे गुणांक जास्त, पण सात जण अगदी तळाला. अशा लोकांनी तळाला असायचं काहीच कारण नाही. सरासरी चांगली दिसली म्हणून मी तेव्हा खाली पाहिलंच नव्हतं.

सातही जणांची एक जागा सारखी आहे, आणि यादीत सगळ्यात जास्त वजन असलेल्या जागांपैकी ती एक. तिथे माझ्या प्रोग्रामने अक्षर फिरवलेलं. यादीत धोक्याचं अक्षर विरळ आहे, आपल्याकडे ते सर्रास दिसलं, म्हणून पट्टी उलटी धरली. पण पट्टी सरळच होती. यादी ज्यांच्यावरून बनली ते लोक वेगळे होते. त्यांच्यात ते अक्षर विरळ, आपल्यात ते मुळातच जास्त. एवढंच. सरळ होतं ते मी सुधारायला गेले आणि उलटं केलं. या जागी ज्यांचा धोका सगळ्यात जास्त, त्यांचाच सगळ्यात कमी मोजला गेला.

यंत्राच्या कंपनीकडून पट्टीची माहिती मागवून खात्री केली. अक्षर जागेवर ठेवून पुन्हा चालवलं. सातही जण वर आले. पहिल्या तुकडीतले, वर्षभराने या असं सांगितलेले अकरा जणही वर आले.

कोणता संकेत कोणाचा ते मला माहीत नाही. मी विचारलंही नाही. बोटं गार पडली होती. एसी बहुधा जास्त होता.

५ मार्च

सकाळी मॅडमच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"किती जणांना चुकीचं सांगितलंय?"

"अकरा."

"फोन मी करते. तू समोर बस."

बसले. प्रत्येकाला त्या तेच सांगत होत्या: आमची मोजण्यात चूक झाली, घाबरू नका, उद्या उपाशीपोटी रक्त द्यायला या. एक बाई खूप बोलल्या, मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. सातव्या फोनवर पलीकडून इतक्या मोठ्याने आवाज आला की मलाही ऐकू आला. मागे पाण्याचा आवाज होता.

"अरे वा! म्हणजे मला बढती मिळाली?"

मॅडमना हसू आवरेना. मी खिडकीबाहेर बघत होते. बाहेर पार्किंग आहे.

शेवटचा फोन ठेवून त्या म्हणाल्या, "यापुढे मला दाखवल्याशिवाय एकही अक्षर फिरवायचं नाही. आणि आता तोंड धुऊन ये." तोंड का धुवायचं ते त्यांनी सांगितलं नाही.

संध्याकाळी मामाला गाठलं. मी म्हटलं, "प्रोग्राम माझा होता. अक्षर उलटं झालं. शिवाय मी तुझ्यापेक्षा त्याच्यावर विश्वास ठेवला."

तो टॉवेलने कान पुसत होता. "म्हणजे पोरं उताणी पोहताना भिंतीवर डोकं आपटतात, तसं झालं."

"साधारण तसंच."

"मग एवढं काय? त्यांनाही मी दुसऱ्या दिवशी पाण्यात घेतोच की."

६ मार्च

शिट्टी वाजली. मी गजराच्या आधीच जागी होते.

१२ मार्च

मामाचं सी-पेप्टाइड जवळजवळ संपलेलं आहे. आणखी काही महिने असेच गेले असते तर काय झालं असतं ते मला माहीत आहे. लिहीत नाही.

इन्सुलिन आजपासून सुरू. बाकीच्या दहांपैकी तिघांचंही असंच निघालं, तेही आजच सुरू करताहेत.

मॅडमनी मामीला समोर बसवून सांगितलं, "यांना उगाच बोलू नका. इन्सुलिनच नाही म्हटल्यावर नुसता साधा डबा खाऊनही साखर वाढणार. यात यांचा काही दोष नाही."

"मी तीन वर्षं यांचे खिसे तपासतेय हो," मामी म्हणाली आणि तिथेच रडायला लागली.

मामा म्हणाला, "अगं, रडू नकोस. आधीच साखर बंद आहे, त्यात आता खारट कुठे वाढवतेस!"

"तुम्ही गप्प बसा!" मामी म्हणाली, आणि त्याचा हात धरून ठेवला. घरी येईपर्यंत सोडला नाही.

१५ मार्च

मामी इंजेक्शन द्यायला शिकली. आधी संत्र्याला दिलं, मग स्पंजला, मग मामाला. "हालू नका. कोन नव्वदचा हवा."

"कोनमापक आणू का?"

"आणलाय." खरंच आणला होता.

२८ मार्च

वजन वाढतंय. नाडीला एकच गाठ. साखर आटोक्यात आहे. आईने फोनवर मामाची माफी मागितली आणि मामीच्या त्यागाचं उदाहरण पुन्हा एकदा दिलं. मामी म्हणाली, "पुरे हो ते, वन्सं," आणि बटणं लावायला उठली.

कपाटाला कुलूप अजून आहे. मामी म्हणते, सवय राहिलीय. बिस्किटं मात्र कमी होण्याचं थांबलेलं नाही. चोरी मामा करत नसेल तर दुसऱ्या चावीचा अंदाज मागे घ्यावा लागेल. दुसरा अंदाज सध्या नाही.

४ एप्रिल

आजचं क्रमाने लिहिते.

मामा दुपारी इन्सुलिन घेऊन तलावावर गेला आणि स्पर्धेची तयारी म्हणून पोरांबरोबर स्वतःही खूप पोहला. मधलं खाणं विसरला. परत आला तेव्हा घामाने भिजला होता, हात थरथरत होते आणि मला "मामी" म्हणत होता. साखर तपासली. खूप उतरली होती. असं झालं की लगेच काहीतरी गोड पोटात जावं लागतं.

कपाट बंद. मामी शाळेत पालकसभेला गेलेली, चावी तिच्या पर्समध्ये. मी वरवंटा उचलला.

"कुलूप फोडते."

"कपाट नको," मामा खुर्चीत कलंडून म्हणाला. "शिवणयंत्र. खण. बटणांचा डबा."

तो भ्रमात बोलतोय असं वाटलं. तरी डबा काढला. वर बटणांचा पातळ थर. खाली लिंबाच्या गोळ्या, चॉकलेटं आणि रुमालात बांधलेली बिस्किटं. पाहुण्यांच्या पुड्यातली.

गोळ्या सोलून एकेक त्याच्या तोंडात घातल्या. पुन्हा साखर तपासली, वर आलेली. थरथर थांबली. तो मला भाची म्हणायला लागला.

"तुला हे कधीपासून माहीत आहे?" मी विचारलं.

"पहिल्या महिन्यापासून. बटणं असा आवाज करतात का कधी?"

"मग सांगितलं का नाहीस? सगळे तुला चोर म्हणत होते. मीही."

तो बिस्किट चावत होता. "तिने चारचौघांत सोडलं होतं गं गोड. माझ्यासाठी. चारचौघांत कसं सांगू, जमत नाहीये तिला म्हणून? मला वाटलं, तुझा तो आकडा मला सोडवेल. तिला न अडकवता."

मी कागद गोळा केले.

"आणि बटणं वर नीट पसर," तो म्हणाला. "निळी वरच्या बाजूला असतात."

पसरली.

जेवणानंतर मामी आतल्या खोलीत गेली. डबा वाजला. मग वाजायचा थांबला. मामा वर्तमानपत्राचं तेच पान वाचत राहिला. बऱ्याच वेळाने मामी दारात येऊन उभी राहिली.

"आज काही झालं का?"

"साखर उतरली होती जरा," मामा म्हणाला. "भाचीने वेळेवर गोळ्या दिल्या."

"कपाट तर बंद होतं."

मामा वर्तमानपत्राच्या मागे गेला. मामीने माझ्याकडे पाहिलं. शाळेत मुलांकडे बघते तसं नाही, वेगळं.

"कुठे मिळाल्या गं?"

"एका ठिकाणी होत्या," मी म्हटलं. "कुठे ते मी नोंदवलेलं नाही."

५ एप्रिल

सकाळी शिट्टी. दोनदा.

जेवणाच्या टेबलावर काचेची बरणी होती, लिंबाच्या गोळ्यांनी भरलेली. शेजारी बिस्किटांचा पुडा. कपाटाचं कुलूप नव्हतं.

"साखर उतरली तर हाताशी असायला हवं," मामी आमच्या कोणाकडे न बघता म्हणाली. मग तिने बरणी उघडली, एक गोळी काढली आणि सगळ्यांसमोर तोंडात टाकली. "शिळ्या नाहीत ना, ते बघतेय."

"नीट बघ," मामा म्हणाला. "एकीवरून काय कळणार? तीन-चार तरी तपास."

मामीने दुसरी घेतली. हसताना तिचा गाल गोळीने फुगलेला दिसत होता.

निळ्या शर्टाचं तिसरं बटण अजून लोंबतंय. संध्याकाळी मीच लावीन म्हणते. डब्यात आता नुसती बटणंच असतील, सापडायला सोपं जाईल.